वाईट बातमी पायांनी जाते

मुलाणी मॅडम जिना चढताना दिसल्या की आमच्या इस्पितळातल्या सिस्टर हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. मान द्यायला नव्हे, धास्तीनं. तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा आणि वर वॉर्ड. रक्ताचे, लघवीचे, पुवाचे ढीगभर रिपोर्ट रोज वर जायचे. ते शिपाई न्यायचा, नाहीतर मॅडम फोनवरून सांगायच्या आणि सांगता सांगता पलीकडच्या डॉक्टरची फिरकीही घ्यायच्या. पण एखाद्या पेशंटच्या जंतूवर एकही औषध चालत नाही असं दिसलं, की तो रिपोर्ट त्या कुणाच्या हाती देत नसत. झाकलेली प्लेट स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायची, पांढऱ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायची आणि स्वतः जिना चढायचा. "कागद पाठवला की तो फाइलीत जाऊन झोपतो," त्या म्हणायच्या. "मी गेले की समोरच्याला माझ्या डोळ्यांत बघावं लागतं. चांगली बातमी जाऊ दे तारेनं, सिंधू. वाईट बातमी पायांनी जाते."

सिंधू म्हणजे मी. आता नातवंडं मला जंतूआजी म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर म्हणतात. पण सांगलीच्या त्या इस्पितळात मी टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.ची डिग्री, कांजी केलेल्या दोन साड्या आणि अफाट आत्मविश्वास एवढाच ऐवज होता. अक्कल मागाहून येणार होती. ती अजून वाटेत आहे. इतकी औषधं निघालीत, थोड्या वर्षांत जंतू संपणार आणि आपली नोकरी जाणार, असं मला मनापासून वाटायचं. नवऱ्याला मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पुढची सोय म्हणून शिवणाचं मशीन घेऊन ठेवू या." त्या भल्या माणसानं घेतलं. जंतू संपतील या भीतीनं शिलाई मशीन घेणारं घर अख्ख्या सांगलीत आमचं एकच असेल.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत शिरले तर घमघमाट. तासगावकडच्या द्राक्षांचा हंगाम होता. मला वाटलं, कुणीतरी पेटी आणली आहे आणि नव्या मुलीपासून लपवून ठेवली आहे. मी कपाटं उघडून पाहिली, टेबलाखाली वाकले, शिपायाच्या पिशवीतही डोकावले. मॅडम कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. उंच, काटकुळ्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी पुरती दमल्यावर त्यांनी हातातल्या प्लेटचं झाकण किंचित उचलून ती माझ्या नाकाखाली धरली. "ही घे तुझी द्राक्षं. खातेस?" भाजलेल्या एका बाईच्या जखमेतला पू त्या प्लेटवर हिरवानिळा होऊन पसरला होता. "पुस्तकात हिचं नाव मोठं आहे, स्यूडोमोनास. मी हिला द्राक्षवाली म्हणते. अंगाला अत्तर लावून येते आणि घरात शिरली की निघत नाही." असं प्लेटांना नाक लावणं आता कुणाला चालायचं नाही. तेव्हाची जुनी माणसं लावायची. सांगलीत राहून मी पुढं कितीतरी हंगाम द्राक्ष तोंडात घातलं नाही. शेजारणींना वाटायचं, माझा काहीतरी नवस आहे.

प्लेट वाचायला त्यांनीच शिकवलं. जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात. औषध चालत असलं, तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत. चंद्राभोवती खळं पडतं तसं स्वच्छ रिंगण दिसतं. मॅडम त्याला खळंच म्हणायच्या. सकाळी प्लेट खिडकीच्या उजेडात धरून विचारायच्या, "बघ, खळं पडलंय का?" चार-पाच खळी पडली की खूश. "चंद्रच चंद्र आहेत आज. लाव फोन." आणि जंतू थेट चकतीला जाऊन चिकटलेले दिसले की काहीच न बोलता कोटाची बटणं लावायला घ्यायच्या.

मॅडमचे वडील सातारचे, कल्हई करणारे. पाठीला भाता बांधून थेट माण तालुक्यातल्या गावांपर्यंत जायचे. सुट्टीत ही पोर बरोबर, भाता ओढायला. "आब्बांचं अर्धं आयुष्य भांड्यात उभं राहण्यात गेलं," त्या सांगायच्या. "पातेल्यात वाळू टाकायची, पायाखाली फडकं घ्यायचं आणि कंबर हलवत गोल गोल फिरायचं. गावातली पोरं हसायची, म्हातारा नाचतोय म्हणून. एक पाटलीणबाई म्हणाली, 'आवं, कशाला येवढं घासताय? कल्हई लावा की वरनं.' आब्बा म्हणाले, 'मळावर कल्हई लावली तर ती मळाला लागती, भांड्याला न्हाई.'" डॉक्टर झाल्या, सूक्ष्मजीवशास्त्रात वरची पदवी घेतली, पण मॅडमचा मूळ सिद्धान्त तोच राहिला. कुठल्याही सर्जनला त्या फोनवर सुनवायच्या, "औषध विचारताय, पण जखम साफ केलीत का? आधी घासा."

माझ्या मूर्खपणाला त्या कधी ओरडल्या नाहीत. त्यांची तऱ्हा वेगळी होती. एका थंडीत घरी दही लागेना, म्हणून मी विरजणाचं भांडं आणून इनक्युबेटरमध्ये ठेवलं. जंतू वाढवायचं ते आमचं उबदार कपाट. लोकांच्या पुवाच्या प्लेटा एका फळीवर आणि माझं दही खालच्या. दुपारी काढलं तर सुरीनं कापावं असं घट्ट! मॅडमनी चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं, काचपट्टीवर पसरलं, रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "सुरेख लागलंय. आता ओळख बघू, यातलं विरजण घरचं कुठलं आणि वॉर्डातलं कुठलं." ते दही भांड्यासकट उकळून निर्जंतुक करायला त्यांनी मलाच लावलं. भांडं सासूबाईंचं लाडकं होतं आणि त्या प्रकारानंतर ते पुन्हा घरी न्यायची माझी छाती झाली नाही. ते कृष्णेत वाहून गेलं असं मी घरी सांगितलं. सासूबाई शेवटपर्यंत नदीवर नाराज होत्या.

जंतूंची 'वस्ती' म्हणजे काय ते त्यांनी मला चहाच्या खोलीत दाखवलं. आमच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचा नळ त्यांनी पिळून काढला आणि माझं बोट त्याच्या आत घालायला लावलं. आत बुळबुळीत थर. "हे घर आहे," त्या म्हणाल्या. "एकटा जंतू म्हणजे रस्त्यावरचा माणूस, औषधाच्या सरीत भिजतो, मरतो. पण धातू मिळाला, नळी मिळाली, कुजलेलं हाड मिळालं की हे चिकटतात, अंगातून डिंक सोडतात आणि त्याखाली गाव वसवतात. मग औषध म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. आवाज मोठा, आत कोरडं." मी शहाणपणानं विचारलं, "मग जोराचं औषध द्यायचं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लय हुशार. अगं, औषध जेवणाऱ्याच्या ताटात विष कालवतं. या गावात तळाशी काहीजण उपाशी झोपलेले असतात. ते जेवतच नाहीत, तर मरतील कसे? तुम्ही औषध थांबवलं की उठतात आणि पुन्हा संसार मांडतात."

त्या काळात मला हे सगळं गमतीचं वाटायचं, परीक्षेत लिहायला चांगलं. नंतर माणचा एक म्हातारा मेंढपाळ आला. टाच चिरून आतलं हाड सडत चाललेलं. दोन्ही मुलं मुंबईला. कुणी गावाकडं निघालं की त्याच्या हाती गोळ्या पाठवायची. प्रत्येक वेळी निराळ्या. मॅडम त्याच्या खाटेशी बसून विचारत होत्या आणि तो अगदी मोकळेपणानं सांगत होता. "दोन-तीन दिस खाल्ल्या, उतार पडला. मग कशाला वाया घालवायच्या? मेंढरू लंगडत हुतं, त्येला उरलेल्या चारल्या. त्ये बी बरं झालं की, बाई!"

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या येळेला त्येला बी गुण आला न्हाई, मला बी न्हाई." म्हातारा हसला. "दोघं बी लंगडतूय."

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. तीन दिवसांनी त्यांनी कोटाची बटणं लावली. मुंबईहून थोरला मुलगा आला होता, कारखान्याच्या गणवेशातच. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याला बसायला सांगितलं, स्वतः बसल्या नाहीत. "तुमच्या वडिलांना जे औषध द्यायला पाहिजे ते माझ्याकडे नाही. मोठ्या शहरात आहे असं कुणी म्हणालं तर तिथंही नाही. पाय काढला तर कदाचित." तो मुलगा मॅडमशी भांडला, टेबलावर हात आपटला. त्या ऐकत उभ्या राहिल्या. खाली आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, एवढं तोंडावर कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या, "त्याला भांडायला कुणीतरी नको का? कागदाशी भांडेल तो?" पाय काढला. म्हातारा तरीही राहिला नाही.

सुरुवातीला मॅडम असा जिना वर्षा-दोन वर्षांतून एकदा चढायच्या. मग महिन्यातून एकदा. त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास तर आठवड्यालाच. लिफ्ट आली तरी त्यांनी जिना सोडला नाही. "लिफ्टनं पटकन पोचते गं. तेवढ्यात काय बोलायचं ते ठरत नाही." गुडघे गेले त्यांचे. कशानं गेले असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "जंतूंनी खाल्ले. चावले नाहीत, चढवून चढवून खाल्ले."

मॅडमना एकच मुलगा, आसिफ. कुपवाडला त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. वडील लवकर गेले, त्यामुळं आई हेच त्याचं सर्वस्व. निवृत्तीनंतर मॅडम जमिनीवर बसू शकेनात, खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या, तेव्हा त्यानंच हट्टानं त्यांचा उजवा गुडघा बदलून घेतला. धातूचा नवा सांधा. त्याचा एक्स-रे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "काकी, फिनिशिंग बघा. आमच्या वर्कशॉपात असं निघायचं नाही." मीही तोवर निवृत्त झाले होते. मॅडम काठी न घेता माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पाय आपटून म्हणाल्या, "पातेल्यात उतरून नाचू का आब्बांसारखी?"

काही महिन्यांनी व्रणाच्या कडेला मोहरीएवढा ठिपका आला. त्यातून पाणी झिरपायचं. घराजवळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सुकलं. गोळ्या संपल्या, पुन्हा झिरपलं. मॅडमनी मला फोन केला. आवाज असा, की जणू शेजारच्या बिऱ्हाडाची तक्रार करतायत. "सिंधू, माझ्या गुडघ्यात कुणीतरी घर बांधलंय. वासावरून ओळखीची बाई वाटते."

त्यांना आमच्याच इस्पितळात दाखल केलं, वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. गुडघ्यातलं पाणी काढून खाली प्रयोगशाळेत आलं. तिथं आता प्रियंका आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली. ती मला अजून आत येऊ देते, फक्त कशाला हात लावू देत नाही. द्राक्षवालीच होती. पण दोन चकत्यांभोवती चांगली रुंद खळी पडली होती. मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, दोन चंद्र आहेत."

"तारेनं आली म्हणजे बरी आहे," त्या म्हणाल्या. "आता सर्जनला म्हणावं धातू काढ. घर मोडल्याशिवाय औषध द्यायचं नाही. आधी घासा."

सर्जननं दोन्ही वाटा समोर ठेवल्या. सांधा काढायचा, तर पुढं कितीतरी महिने पाय नुसता लोंबता, अंथरुणातच. आणि परत बसवता येईलच असं नाही. किंवा गुडघा उघडून धुवायचा, धातू तसाच ठेवायचा, महागडी इंजेक्शनं द्यायची आणि बघायचं. मॅडम म्हणाल्या, काढा. आसिफ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. चाळिशी उलटलेला बाप्या. हाताच्या रेघांत ऑईल मुरलेलं. "अम्मी, पार्ट चांगला आहे," तो म्हणाला. "नुसता खराब झालाय. धुऊन बघू या ना. एकदा. तू परत खाटेला खिळलेली मला नाही बघवणार." आणि त्यानं आईचे पाय धरले, नवा गुडघा आणि जुना, दोन्ही.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं बेटा. धुऊन बघू."

तो कागदांवर सह्या करायला बाहेर गेला. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मळावर कल्हई. मला शिकवू नकोस."

"मग हो का म्हणालात?"

"त्याचं तोंड बघितलंस? लहानपणी माझं डोकं दुखलं तरी असाच पायाशी येऊन बसायचा. पोराच्या तोंडापुढं शास्त्र टिकत नाही गं. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना सांगितलं, घासा, कापा, काढा. माझं आलं तेव्हा म्हटलं, धुऊन बघू." आणि हसल्या. "आब्बा असते तर भाता डोक्यात घातला असता."

गुडघा धुतला. इंजेक्शनं झाली. ताप उतरला, मॅडम खोलीतल्या खोलीत चालू लागल्या, घरी गेल्या. आसिफनं कुपवाडच्या कामगारांना पेढे वाटले. मी एक पेढा मॅडमसमोर धरला, तर त्यांनी अर्धा मोडला. "उरलेला ठेव," म्हणाल्या. "झोपलेले अजून उठायचे आहेत." मी त्यांना निराशावादी म्हटलं. या वयातही मला असल्या गोष्टी बोलायला जमतात, याचं मला आश्चर्य वाटतं. शिलाई मशीनवाली सिंधू काही मेली नव्हती. तिचे फक्त केस पिकले होते.

औषध बंद झाल्यावर ते उठले. थंडी वाजून ताप, गुडघा लाल, गरम. पुन्हा तीच जिन्याजवळची खोली. पुन्हा पाणी काढून खाली पाठवलं, या वेळी रक्तही. प्लेट वाचायला दिवस लागतात आणि मला माझी धास्ती लपवायची होती. बातमी चांगली असेल तर मी फोन करणार हे मॅडमना पक्कं ठाऊक. म्हणजे मी दारात दिसले की त्या समजणार. मग मी एक युक्ती केली. रोजच जायला लागले. एक दिवस लसणाची चटणी घेऊन, एक दिवस मासिक घेऊन, एक दिवस माझ्या सुनेच्या तक्रारी घेऊन, ज्या अर्ध्या मी वाटेत रचल्या होत्या. रोज लिफ्टनं. रोज आलं की येण्याचा अर्थ राहत नाही, असा माझा हिशेब.

दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग उशीवरूनच म्हणाल्या, "तुझी सून एवढी वाईट असती तर तू इतकी गुबगुबीत झाली नसतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज येतेस ते मला कळतं. येत जा. चटणी चांगली होती."

त्या सकाळी मी आधी खाली गेले. प्रियंकानं मला बघितलं आणि ती कपाटाकडं वळली, नको असलेली बारीकसारीक आवराआवर करत. प्लेट टेबलावर होती. मी झाकण उचललं नाही, उचलायची गरज नव्हती. खोलीभर द्राक्षांचा वास होता. खिडकीपाशी धरली. प्रियंकानं आज अडवलं नाही. पहिल्या खेपेला जिथं दोन चंद्र होते, तिथंही जंतू चकतीच्या कडेपर्यंत जाऊन भिडले होते. मूत्रपिंडं जाळतं म्हणून अगदी शेवटी काढतात ते इंजेक्शन, त्याच्या चकतीभोवतीही काही नाही. सगळी प्लेट एकसारखी हिरवी, पीक उत्तम आलेल्या शेतासारखी.

"काकी, मी वर ऑनलाइन पाठवते," प्रियंका हळूच म्हणाली. "डॉक्टरांच्या मोबाइलवर जाईल लगेच."

"पाठव," मी म्हटलं. "डॉक्टरांना पाठव. एक ट्रे दे मला."

तिनं दिला. जुनाच होता. तिनं प्लेट टेप लावून बंद केली, पिशवीत घातली आणि ट्रेमध्ये ठेवली. मी लिफ्टपाशी गेले. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. माझेही गुडघे काही कमी कुरकुरत नाहीत, आणि रोज लिफ्टनंच तर जात होते. आजही गेले असते तर आत जाऊन चटणीबद्दल बोलता आलं असतं, थोडा वेळ. मी जिन्याकडं वळले. एका हातात ट्रे, दुसरा कठड्यावर. थांबत, धापा टाकत. काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळतो, असं त्या म्हणायच्या. माझं वरपर्यंत काहीच ठरलं नाही.

खोलीत मॅडमची सून रुबिना फळं कापत होती. मला धाप लागलेली बघून ती उठली. "काकी, जिन्यानं आलात? लिफ्ट बंद आहे का?"

मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "लिफ्ट चालू आहे."

रुबिनाला काही उमगलं नाही. मॅडमनी तिला आसिफला फोन करायला बाहेर पाठवलं आणि हात पुढं केला. मी प्लेट दिली. त्यांनी ती पडल्या पडल्याच खिडकीच्या उजेडात धरली, डावीकडून, मग उजवीकडून, चष्मा पुढं-मागं करत. मला वाटलं रडतील. "सुरेख वाढलीय," त्या म्हणाल्या. "कुठं एक ठिपका मोकळा ठेवला नाही. टापटिपीची बाई." मग प्लेट माझ्या हातात परत देऊन बोटं ताबडतोब पुसली. "बटणं लावायची विसरलीस."

"कोटच नाही मॅडम. साडीत आलेय."

"तरीच. पाठ सरळ नव्हती तुझी."

मी विचारलं, पाय काढला तर? रक्तात गेलंय, त्या म्हणाल्या, आता पायात काय राहिलंय? घासायची वेळ होती तेव्हा आपण धुतलं. मी म्हटलं, आसिफला मी सांगते. त्या एकदम करड्या झाल्या. त्याच आवाजात त्यांनी मला दही उकळायला लावलं होतं. "तू काही सांगायचं नाहीस. प्लेट मी वाचलीय. रिपोर्ट मी देणार. मला उठवून बसव."

"मॅडम, ताप आहे."

"वाईट बातमी झोपून देत नाहीत, सिंधू."

मी आणि सिस्टरनं मिळून त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. सुजलेला पाय खाली सोडताना त्यांनी दात आवळले, पण दोन्ही पावलं जमिनीला टेकवली. पदर सारखा करायला लावला. केसांवरून माझ्याकडून पाण्याचा हात फिरवून घेतला. कुपवाडहून आसिफ आला, कपड्यांना लोखंडाचा कीस चिकटलेला. आईला बसलेली बघून त्याचा चेहरा उजळला. "अम्मी! उठून बसलीस!"

मी ट्रे घेऊन बाहेर जायला निघाले. दार ओढताना मागून ऐकू आलं, तेच वाक्य, त्याच संथ आवाजात, जे मी वॉर्डावॉर्डांत ऐकलं होतं. "बस बेटा. तुझ्या आईला जे औषध द्यायला पाहिजे, ते माझ्याकडे नाही." मग खुर्ची पडल्याचा आवाज, आणि आसिफ ओरडत होता. त्या डॉक्टरवर, इस्पितळावर, शेवटी आईवर, की काढा म्हणत होतीस तर माझं ऐकलंस कशाला. मॅडम एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. भांडायला कुणीतरी लागतं.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मूत्रपिंडं आधी गेली, मग बोलणं. बोलणं जायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघून एकच विचारलं, "प्लेट उकळली का?" मी हो म्हटलं. "नीट उकळ. कृष्णेत जाऊ देऊ नकोस. नदीचं आधीच तुझ्या सासूशी वाकडं आहे." त्या अवस्थेतही त्यांना ते भांडं आठवलं. मी हसले आणि हसता हसता तिथून पळाले. आसिफ आता वर्कशॉपात जातो, पण एक्स-रे कुणाला दाखवत नाही. एकदा मला म्हणाला, "काकी, अम्मीनं माझ्यासाठी हो म्हटलं." मी नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याच्या आईकडून शिकलेली मी, मला नाही म्हणता आलं नाही.

प्लेट मी खरंच उकळायला लावली. पण इतका चिवट जंतू अभ्यासाला ठेवावा लागतो, म्हणून प्रियंकानं त्यातला कणभर आधीच काढून छोट्या कुपीत घालून अतिथंड कपाटात ठेवला होता. तिनं मला कुपी लांबून दाखवली. वर नाव नाही, नुसता क्रमांक. मॅडम गेल्या आणि त्यांच्या गुडघ्यातलं ते गाव तिथं सुखरूप झोपलं आहे. हवं तेव्हा उठवता येतं.

त्या कपाटात आता जागा उरलेली नाही, दुसरं घ्यायचं चाललं आहे. प्रियंका कामाची पोर आहे, एकही औषध चालत नाही असा रिपोर्ट तयार झाला की लाल खूण करून त्याच मिनिटाला मोबाइलवर पाठवून देते. परवा मी तिथं होते तेव्हा तासाभरात तिनं असे तीन पाठवले आणि मग चहा सांगितला. मी दाराशी बसून चहा प्याले. समोर जिना होता. पायऱ्यांवर धूळ साचली होती, आणि कुणीही चढत नव्हतं.